अलार्म 'ऑफ' झाला, तर तो वाजला कसा?

दांडियाबाजारची मास्तरीण

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजारात माझी संध्याकाळची इंग्रजीची शिकवणी आहे. माझ्याकडे शाळेतली मुलं येत नाहीत. सगळे विद्यार्थी साठीच्या पुढचे. कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाची मुलगी न्यू जर्सीत. सहा महिने नातवंडांकडे जाऊन राहायचंय, तर तिथे दुकानात, दवाखान्यात, शेजाऱ्यांशी दोन वाक्यं धड बोलता यावीत, एवढीच त्यांची अपेक्षा. सध्या अकरा जण आहेत. सात मराठी, चार गुजराती. वर्गात तिन्ही भाषा चालतात.

गेल्या मंगळवारी एका काकांनी वही माझ्यापुढे सरकवली. वय ७१, जन्मभर एका पेढीवर हिशेब लिहिले. नातू फोनवर म्हणाला होता, 'आजोबा, द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह.' काका म्हणाले, "बाई, लाइट ऑफ म्हणजे बंद. पंखा ऑफ म्हणजे बंद. मग अलार्म ऑफ झाला तर पोरगं उठलं कसं?"

मी म्हटलं, तसं म्हणायची पद्धत आहे. काकांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. ते पाहून मला फार वाईट वाटलं. खतावणीत एका पैशाचा फरक राहिला तर तो सापडेपर्यंत जो माणूस घरी गेला नाही, त्याला मी हे असलं उत्तर दिलं.

मग बाकीच्यांनीही आपापल्या शंका काढल्या. फॉर्म 'फिल इन' केला काय आणि 'फिल आउट' केला काय, काम एकच, मग आत आणि बाहेर कशाला? 'स्लिम चान्स' म्हणजे शक्यता कमी, आणि 'फॅट चान्स' म्हणजेही शक्यता नाहीच. प्रेमात पडलेला माणूस म्हणे 'हेड ओव्हर हील्स' असतो. पण डोकं टाचांच्या वर तर आपलं रोजच असतं! आणि एका काकूंनी विचारलं, टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहितात ते पेट घेतो म्हणून की घेत नाही म्हणून?

तुम्हाला असे आणखी माहीत असतील तर लिहाच. पण मला खरं हवंय ते असं: यांच्यात काही अर्थ आहे का, आणि तो साठी उलटलेल्या माणसाला मराठीत कसा सांगायचा?

बाबाजीपुरा

ताई, स्पष्ट लिहितो. याच्या मागे लागू नका. वाक्प्रचार पाठ करायचे असतात. माझ्या मुलाने आयएल्ट्सच्या, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेच्या वेळी साडेतीनशे पाठ केले, कारणं कुणी विचारली नाहीत. सत्तरीच्या माणसाला व्युत्पत्ती सांगत बसलात तर त्यांचं बोलणं राहून जाईल.

दांडियाबाजारची मास्तरीण

दादा, तुमच्या मुलाचं वय पाठांतराचं होतं. काकांना दुपारी काय जेवले ते संध्याकाळी आठवत नाही, पण १९७४ सालच्या खात्याची बेरीज आठवते. ज्याला कारण सापडलं ते त्यांच्या डोक्यात राहतं. कारण नसलेलं दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. माझ्या सगळ्याच विद्यार्थ्यांचं असं आहे, म्हणून तर विचारते आहे.

कोयलीकर

टँकरचं मी सांगतो. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली. मी नंतर लागलो आणि निवृत्तीपर्यंत सुरक्षा विभागातच होतो.

'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारा. 'फ्लेमेबल' म्हणजेही पेट घेणारा. दोन्ही एकच. सुरुवातीचा 'इन' नकाराचा नाही. 'इनव्हिजिबल'मधला 'इन' नकाराचा आहे, हा तो नव्हे. हा लॅटिनमधला 'आत' या अर्थाचा, 'ज्वाळेत घालणे' अशा क्रियापदातून आलेला. दिसायला दोघे सारखे, कुळं वेगळी.

काकूंना मराठीतलं उदाहरण द्या. 'विफल' म्हणजे फळ नसलेलं, पण 'विख्यात' म्हणजे ख्याती नसलेला का? नाही, चांगलाच ख्यात. 'विरूप' आणि 'विशुद्ध' शेजारी शेजारी लिहून दाखवा. आपला 'वि' दोन्हीकडे काम करतो आणि आपण गोंधळत नाही.

फक्त इंग्रजीत हा गोंधळ जिवावर बेततो. 'इन्फ्लेमेबल' वाचून एखाद्याला वाटलं की हे पेटत नाही, आणि त्याने शेजारी विडी शिलगावली तर? म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संघटनेने १९२० च्या दशकातच 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. आता टँकरवर लाल चौकट असते, ज्वाळेचं चित्र असतं, पेट्रोल असेल तर १२०३ हा क्रमांक असतो. चित्राला व्याकरण लागत नाही. आमच्याकडे नवीन कंत्राटी मजूर आले की मी पहिल्या दिवशी शब्द शिकवायचो नाही, ते चित्र शिकवायचो.

वाडीतली सून

मी गुजराती आहे, लग्न होऊन मराठी घरात आली, आता नऊ वर्षं झाली. मराठी शिकताना मी रोज रडायची, खरं सांगते.

सासूबाई म्हणायच्या, "दिवा लाव." मी लावला, उजेड झाला. मग म्हणाल्या, "दार लाव." मी दार उघडलं! मला वाटलं लाव म्हणजे चालू कर. मग दीर म्हणाले, "वहिनी, गाडी लावून येतो," आणि ते तर गाडी बंद करून आले. पंखा लावला तर चालू, दार लावलं तर बंद, गाडी लावली तर उभी. कुंकू लाव, रोप लाव, नोकरीला लाव, वेड लाव. आणि "मला गाडी लागते" म्हणजे उलटी होते, हे तर मला दोन वर्षांनी समजलं.

आता कुणी विचारलं तर मी पण सांगते, तसंच म्हणतात. पण तेव्हा कुणी मला समजावलं असतं तर बरं वाटलं असतं. म्हणून मास्तरीणबाईंना माझा पाठिंबा.

नोकरीनिमित्त बडोदा

वहिनी, 'लाव'कडे मी जन्मात असं पाहिलं नव्हतं. जन्म पुण्यातला.

सूरसागर

वहिनींच्या 'लाव'वरून मला मास्तरीणबाईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सापडलं असं वाटतं. काकांना 'सुटणे' सांगा.

शाळा सुटली, म्हणजे संपली. वारा सुटला, म्हणजे सुरू झाला. घाम सुटला, तोंडाला पाणी सुटलं, सुरू. तंबाखू सुटली, बंद. गाडी सुटली म्हणजे निघाली, आणि 'माझी गाडी सुटली' म्हटलं तर मी फलाटावरच राहिलो. कोडं सुटलं, पोट सुटलं, बाण सुटला. आपण यात कुठेही अडखळत नाही, कारण सगळ्यांच्या तळाशी चित्र एकच आहे. काहीतरी धरून ठेवलेलं होतं, ते मोकळं झालं. मुलं धरलेली होती ती सुटली. वारा कोंडलेला होता तो सुटला.

इंग्रजीतला 'ऑफ' हा असाच. 'ऑफ' आणि 'ऑव्ह' हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार, अर्थ 'पासून दूर'. बंदूक 'गोज ऑफ' म्हणजे गोळी नळीपासून दूर गेली. आपणही बंदूक सुटली म्हणतो. लाइट 'ऑफ' म्हणजे दिव्यापासून प्रवाह तुटला, दूर झाला. हाही 'दूर'च, फक्त इथे दूर गेल्यामुळे अंधार होतो.

आता अलार्म. काकांच्या घरी किल्लीचं घड्याळ होतंच असणार. रात्री किल्ली दिली की स्प्रिंग ताणली जायची, एक खटका तिला रात्रभर अडवून धरायचा. पाच वाजले की खटका सरकायचा आणि हातोडी घंटेवर सुटायची. अलार्म बंद झाला नाही, अलार्म सुटला! आणि 'अलार्म' हा शब्दही इटालियन सैन्यातल्या हाकेतून आलेला. 'आल्लार्मे', म्हणजे शस्त्रं उचला. धरून ठेवलेली हाक पहाटे सुटते. आज फोनमध्ये ना स्प्रिंग ना खटका, पण शब्द जुन्या घड्याळाचाच राहिला.

दांडियाबाजारची मास्तरीण

सूरसागर, हे वाचून मी उठून उभी राहिले. किल्लीचं घड्याळ! आईकडे अजून आहे, चालत नाही पण खटका दाखवता येईल. गुरुवारी वर्गात नेते.

जर्सीतला बडोदेकर

फार छान धागा. बडोदा सोडून बावीस वर्षं झाली, दांडिया बाजार नाव दिसलं आणि वाचायला बसलो.

'फिल इन', 'फिल आउट': पहिल्यात मोकळ्या जागा आत भरल्या जातात, दुसऱ्यात सगळा कागद भरून पूर्ण होतो. अमेरिकेत 'आउट' जास्त ऐकू येतं. 'फॅट चान्स' हे टोमणा म्हणून सुरू झालं. आपण "डोंबल मिळणार तुला" म्हणतो, किंवा "कप्पाळ कळलंय!", तसं.

इथे आल्यावर मला सगळ्यात छळलं ते 'आय कुड केअर लेस'ने. मला पर्वा नाही असं सांगायचंय, आणि शब्दांचा अर्थ होतो की याहून कमी पर्वा करता आली असती, म्हणजे थोडी तरी आहे! मूळ वाक्य 'कुडन्ट' असं नकारासकट आहे. अमेरिकन तोंडात नकार गळून पडला. मी बरेच दिवस चिडायचो. मग एकदा आईशी फोनवर बोलताना मीच म्हणालो, "मला काय त्याचं!" यात तरी 'नाही' कुठे आहे? सूर नकार सांगतो. तेव्हापासून चिडणं थांबलं.

'हेड ओव्हर हील्स' चौदाव्या शतकात बरोबर होतं: 'हील्स ओव्हर हेड', टाचा डोक्यावर. म्हणजे कोलांटी. अठराव्या शतकात कधीतरी शब्द उलटे झाले आणि तसेच राहिले. तुमच्या विद्यार्थ्याची शंका रास्त आहे, चूक इंग्रजांची.

आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' राहिलंच. जुन्या इंग्लंडात घरांवर गवताची छपरं असत, ऊब म्हणून कुत्री-मांजरं त्यात झोपत, जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडत. म्हणून तो वाक्प्रचार. वर्गात सांगायला छान आहे.

सूरसागर

जर्सीकर, बाकी सगळं पटलं, पण छपराची गोष्ट खरी नाही. १९९९ च्या सुमारास एक ईमेल जगभर फिरली, सोळाव्या शतकातलं जीवन असं सांगणारी, त्यात ही होती. उतरत्या गवती छपरावर कुत्रा चढून झोपतो हे एकदा डोळ्यांपुढे आणून पाहा. छापील उल्लेख पाहिले तर १६५१ साली हेन्री व्हॉन या कवीकडे कुत्र्या-मांजरांचा पाऊस सापडतो, आणि १७३८ साली जोनाथन स्विफ्टने उच्चभ्रूंच्या गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवताना तो वापरला आहे. म्हणजे तेव्हाच तो घासून जुना झालेला होता. छप्पर कुठेच नाही.

मला या खोट्या गोष्टींची खरोखर चीड येते. शिकणारा माणूस विश्वासाने ऐकतो आणि पुढे दहा जणांना सांगतो.

त्यापेक्षा मुसळ सांगा. मुसळधार म्हणजे मुसळाएवढ्या जाड धारा. गुजरातीत 'सांबेलाधार', आणि सांबेलुं म्हणजे मुसळच. दोन्ही भाषांनी एकाच स्वयंपाकघरातून उपमा उचलली. तुमच्या वर्गातल्या अकराही जणांना ती आपली वाटेल. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ २० इंच पडला, त्याला मुसळ म्हणायचं नाही तर काय.

दांडियाबाजारची मास्तरीण

छपराची गोष्ट मी सहा वर्षं सांगत आले आहे. फळ्यावर झोपडीचं चित्र काढून. त्या वर्गातले कितीतरी जण आता टोरोंटोत, ब्रॅम्प्टनमध्ये नातवंडांना ती सांगत असतील. ज्यांचे नंबर आहेत त्यांना आज रात्री व्हॉट्सॲप करते.

जर्सीतला बडोदेकर

सूरसागर, आभार. मीही मुलीला सांगितली होती.

बाबाजीपुरा

माझा मुद्दा अजून सोडलेला नाही. पण एक विचारतो, कारण ते मला कॉलेजपासून खुपतं आहे. 'अपवादाने नियम सिद्ध होतो.' मराठीतही आपण सर्रास लिहितो, मूळ इंग्रजी. मला हे साफ चूक वाटतं. सगळे कावळे काळे असा नियम केला आणि एक पांढरा निघाला, तर नियम मोडला की सिद्ध झाला?

वकील, रावपुरा

न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत मी पहिली केस चालवली. हा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कावळ्याच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तिथे हे वाक्य वापरूच नये. ते निरीक्षणातून काढलेल्या नियमांसाठी नाहीच, ते माणसांनी केलेल्या नियमांसाठी आहे.

मांडवीत एका दुकानावर पाटी आहे: 'गुरुवारी बंद'. आठवड्याच्या बाकीच्या दिवसांबद्दल पाटी एक अक्षर बोलत नाही. तरी तुम्ही शुक्रवारी निःशंक जाता. का? गुरुवारचा अपवाद मुद्दाम लिहिला, याचा अर्थच असा की इतर दिवशी उघडं असण्याचा नियम आहे. अपवादाने न लिहिलेला नियम सिद्ध केला. बस, एवढंच.

याची मुळं रोमन न्यायालयात आहेत. इसवी सनापूर्वी ५६ मध्ये सिसेरोने बाल्बस नावाच्या माणसाचं वकीलपत्र घेतलं. बाल्बस स्पेनमधल्या गादेस गावचा, आणि त्याला दिलेलं रोमन नागरिकत्व बेकायदा आहे असा आरोप होता. सिसेरोचा युक्तिवाद असा की काही जमातींशी झालेल्या तहांत 'यांच्या माणसांना नागरिकत्व देऊ नये' असं कलम स्पष्ट घातलेलं आहे. ज्या तहात ते कलम नाही, तिथे नागरिकत्व देता येतं, हे त्यावरूनच ठरतं. खटला जिंकला. पुढे त्यातून लॅटिन सूत्र तयार झालं, आणि त्याची शेपटी अशी होती: 'ज्या बाबी अपवादात नाहीत त्यांच्यापुरता'. बोलण्यात शेपटी तुटली आणि अर्थ निराधार झाला.

काही लोक सांगतात की इथे 'प्रूव्ह' म्हणजे पारखणे, अपवाद नियमाची परीक्षा घेतो. मला ते पटत नाही. सूत्र वकिलांचं आहे आणि त्यात सिद्ध करण्याचाच अर्थ आहे. 'प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग'मध्ये मात्र पारखच आहे. खीर कशी झाली ते खाऊन ठरतं. आता लोक 'प्रूफ इज इन द पुडिंग' म्हणतात, म्हणजे पुरावा खिरीत बुडालेला. इथेही अर्धं वाक्य गळलेलं.

जाता जाता आपला एक शब्द. 'राजीनामा'. फोड करा: राजी असल्याचा नामा, संमतीचा कागद. मग नोकरी सोडण्याला राजीनामा का? मुंबई इलाख्यात शेतकरी जमिनीचा हक्क सोडताना सरकारला जो कागद लिहून द्यायचा तो राजीनामा, आणि ती जमीन घेणारा लिहून द्यायचा तो कबुलायत. मी राजीखुशीने सोडतो आहे, एवढंच त्या कागदाचं म्हणणं. जमीन बाजूला पडली, सोडणं उरलं. आज कुणी चिडून दार आपटून नोकरी सोडतो तरी त्याला 'राजी'नामाच द्यावा लागतो. गुजरातीतही तोच शब्द.

बाबाजीपुरा

वकीलसाहेब, 'गुरुवारी बंद' एका वाक्यात कळलं. तीस वर्षांची बोच गेली.

वाडीतली सून

मराठीत भूक लागली की पोटात कावळे ओरडतात. आमच्या गुजरातीत पोटात बिलाडां बोलतात, म्हणजे मांजरं. हिंदीत उंदीर धावतात. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, तो शाळेतून आला की विचारतो, "आज कावळा की बिलाडी?" आजीकडे जेवायचं असेल तर कावळा.

इंग्रजीत फुलपाखरं असतात, पण ती भुकेची नाही, भीतीची ना? मास्तरीणबाई, हे वर्गात नक्की सांगा. नाहीतर कुणी काकू सुनेला सांगतील की पोटात बटरफ्लाय आहेत आणि कुणी जेवायला वाढणार नाही.

नोकरीनिमित्त बडोदा

ऑफिसात अमेरिकन लोक 'द होल नाइन यार्ड्स' म्हणतात, म्हणजे सगळंच्या सगळं. नऊ यार्ड म्हणजे नऊ वार! आजीची नऊवारी नऊ वारांचीच. हा आपल्याकडून गेलेला शब्द असणार, नाही का?

सूरसागर

वाटतं खरं, आणि मलाही तसंच हवं होतं. पण नाही. अमेरिकेत इंडियानातल्या एका वर्तमानपत्रात १९०७ साली 'फुल नाइन यार्ड्स' सापडतं, आणि १९१२ साली केंटकीतल्या वर्तमानपत्रात 'होल सिक्स यार्ड्स'. म्हणजे आकडा आधी पक्का नव्हताच, सहाही चालत होते. हे नऊ कशाचे, याचे अनेक खुलासे फिरतात: काँक्रीटचा ट्रक, मशीनगनचा पट्टा, जहाजाची शिडं. पण मशीनगनच्या पट्ट्याची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली, शब्द त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधीचा.

मूळ आपलं नसलं तरी शिकवायला नऊवारी वापरा की! सहावारी नाही, पाचवारी नाही, पूर्ण नऊवारी नेसून आली. ज्या काकूंच्या घरात अजून नऊवारी आहे त्यांना 'होल नाइन यार्ड्स' पुन्हा समजावावं लागणार नाही. फक्त 'आपल्याकडूनच गेलं' असं सांगू नका.

जर्सीतला बडोदेकर

'हॅव युअर केक अँड ईट इट टू' कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. केक आहे तर खाणारच, त्यात अशक्य काय? गोंधळ 'हॅव'चा. 'हॅव टी' म्हणजे चहा घ्या, म्हणून आपल्याला 'हॅव केक' म्हणजे खाणंच वाटतं. इथे 'हॅव' म्हणजे जवळ राखणं. १५४६ साली जॉन हेवूडने जमवलेल्या म्हणींत क्रम सरळ होता: केक खायचाही आणि राखायचाही? लाडू खाल्लाही पाहिजे आणि डब्यातही उरला पाहिजे, असं मराठीत सांगा.

या क्रमाने एक माणूस पकडायला मदत केली आहे. अमेरिकेत सतरा वर्षं टपालाने बाँब पाठवणाऱ्या टेड कझिन्स्कीचा लांबलचक निबंध १९९५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापला. त्यात त्याने म्हण जुन्या, सरळ क्रमाने लिहिली होती. घरच्या जुन्या पत्रांतही तोच क्रम सापडला. त्याच्या भावाला निबंधाची भाषा आधीच ओळखीची वाटली होती. १९९६ च्या एप्रिलमध्ये त्याला पकडलं.

बाबाजीपुरा

मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं ते मागे घेतो.

आमचं पूर्वी धान्याचं दुकान होतं. आजोबा 'धारण' शब्द वापरायचे, आज काय धारण आहे, म्हणजे आज भाव काय. काल रात्री हा धागा वाचता वाचता एकदम लक्षात आलं: 'पाचावर धारण बसली'! पन्नास वर्षं मी हे घाबरण्यासाठी वापरतो आहे आणि आजोबांचा शब्द त्यात बसलेला मला दिसला नाही. मोल्सवर्थचा कोश काढून पाहिला, धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव, दिलेलं आहे. रुपयाला पाचच मापं मिळू लागली की घरात चूल पेटेल की नाही याची भीती, असा अर्थ सांगतात. आजोबांना विचारायला हवं होतं.

आणि मास्तरीणताई, 'क्रोकोडाइल टिअर्स' बडोद्याच्या माणसाला शिकवणं सोपं आहे. आपली विश्वामित्री मगरींनी भरलेली. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या. काळा घोड्याच्या पुलावरून मी कितीदा पाहिल्या, रडताना एकही नाही.

सूरसागर

दादा, त्या खरंच रडतात, पण दुःखाने नाही. २००७ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी मगरींच्या जवळचे नातलग, म्हणजे अ‍ॅलिगेटर आणि केमन, खाताना पाहिले. सातांपैकी पाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. खाताना ते जो फुत्कार टाकतात त्याने अश्रू बाहेर ढकलले जात असावेत, असा त्यांचा अंदाज. आपला 'नक्राश्रू' हा इंग्रजीवरूनच संस्कृतात घडवलेला. नदीत मगरी आपल्या, अश्रू मात्र उसने.

तुमच्या आजोबांच्या धारणेचं वाचून फार बरं वाटलं.

कोयलीकर

नाटकवाले एकमेकांना 'ब्रेक अ लेग' म्हणतात, पाय मोड. शुभेच्छा उघड दिल्या तर दृष्ट लागते म्हणून उलटं. आमच्या मंडळींनी हे ऐकल्यावर लगेच सांगितलं, यात नवल काय. आपण नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तर वाढवली. दुकान बंद करताना वाढवलं. मोडण्या-विझण्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून वाढण्याचं घ्यायचं. इंग्रज चांगल्याचं नाव टाळतो, आपण वाइटाचं.

घरून निघताना आपण 'जातो' कुठे म्हणतो? 'येतो' म्हणतो. गुजराती शेजारी 'आवजो' म्हणून निरोप देतात, म्हणजे 'या'. परक्या माणसाने हे शब्दकोश घेऊन ऐकलं तर त्याला वाटेल कुणी दारात उभं राहून येण्याबद्दलच बोलतंय आणि पाय मात्र जिन्याकडे.

दांडियाबाजारची मास्तरीण

गुरुवारचा वर्ग झाला, तो सांगते.

आईचं घड्याळ नेलं होतं. आधी फळ्यावर मराठीत लिहिलं: शाळा सुटली, वारा सुटला. विचारलं, यात सुरू काय झालं, संपलं काय? दोन मिनिटं वर्गात नुसती कुजबुज. मग एक गुजराती बा म्हणाल्या, "छूट्युं, बेन, बेउ छूट्युं." दोन्ही सुटलंच की. मग मी घड्याळाची मागची बाजू उघडली आणि खटका बोटाने सरकवला. स्प्रिंग जुनी असूनही हातोडी घंटेवर एकदा आपटली. इतक्या वर्षांनी.

काका काही बोलले नाहीत. वही काढली, मंगळवारचं पान उघडलं, 'तसं म्हणायची पद्धत आहे' या ओळीवर पट्टी धरून सरळ रेघ मारली, आणि खाली लिहिलं, 'ऑफ = सुटला. खटका.' मग बाजूला सही आणि तारीख. पेढीवर खाडाखोड केली की सही करायची सवय, म्हणाले.

नऊवारीला काकूंनी टाळ्या वाजवल्या. छपराची गोष्ट चूक होती हे मी आधीच्या बॅचमधल्या चौदा जणांना कळवलं. नऊ जणांची उत्तरं आली, एकीने नातीला सुधारून सांगितल्याचा आवाजी निरोप पाठवला.

आता पुढच्या वेळचा प्रश्न. मुलीने काकूंना सांगितलं होतं, 'आई, मिल्क हॅज गॉन ऑफ.' म्हणजे दूध नासलं. काका लगेच म्हणाले, "दूध सुटलं?" तिथे माझं सुटणं चालत नाही, घरी सगळ्या बाजूंनी करून पाहिलं. मंगळवारच्या आत कुणाला सुचलं तर लिहा.

वाडीतली सून

मास्तरीणबाई, आमच्या सासूबाई पातेलं बघून म्हणतात, "गेलं गं दूध, कामातून गेलं." हे 'गॉन' पण आहे आणि 'ऑफ' पण, नाही का? कामापासून दूर गेलं.

सूरसागर

वहिनी, अगदी हेच.